दोघांचा मिळून एक धडधाकट

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. घरोघर हिंडून लोकांना “तंबाखू खाता का, दारू किती, भाजीवर वरून मीठ घेता का” असं विचारायची नोकरी मला लागली, तेव्हा आमच्या आईनं कपाळाला हात लावला होता. “हिला कोण दारात उभं करंल? पहिल्याच घरातनं हाकलत्याल,” म्हणाली. कुणी हाकललं नाही. उलट चहा पाजायचे आणि वर मलाच विचारायचे, “एवढं समदं लिवून घेता, पर त्याचं करता काय?”

करायचं काय, ते सुरुवातीला मलाही कळलं नव्हतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. एका संस्थेची मोठी पाहणी होती. दौंड तालुक्यातली शेतीची गावं आणि शिरूर तालुक्यातला कारखान्यांचा पट्टा, अशा दोन्हीकडच्या माणसांचं वजन, कंबर, बीपी, रक्तातली साखर मोजायची. तंबाखू, मीठ, चुलीचा धूर यांची विचारपूस करायची. आणि लोकांच्या आजारपणात कशाचा वाटा किती, ते काढायचं. आमच्या गटाचे प्रमुख पन्नाशीचे डॉक्टर होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. वाटा म्हणजे काय, हे त्यांनी मला खुटबावच्या पारावर बसून सांगितलं. खुटबाव माझं स्वतःचं गाव.

“समज, या गावात कुणालाच बीपी नसतं,” सर म्हणाले, “तर लकव्यानं पडलेल्यांपैकी किती जण पडलेच नसते? तेवढा बीपीचा वाटा. तसाच तंबाखूचा, तसाच धुराचा.”

“आन् ते न पडणारे कोण कोण असते?”

“ते नाही सांगता येत. किती, ते सांगता येतं. कोण, ते नाही.”

“म्हंजी सोसायटीच्या मतमोजणीगत,” मी म्हटलं. “किती मतं फुटली ते कळतं, कुणाची फुटली ते न्हाई.”

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढं नव्या पोरींना शिकवताना ते माझंच उदाहरण द्यायचे. मला तेव्हा त्यांचं ते उत्तर पटलं होतं. परक्या माणसांचं असलं की पटतंच.

नियम कडक होते. घरात मोठी माणसं कितीही असोत, चिठ्ठीत निघेल त्या एकाचंच माप. यावरून गावात रोज वाद. घरच्या थोरल्या आबांना खाटेवर बसवून त्यांच्या डोळ्यांदेखत सुनेच्या दंडाला पट्टा बांधायचा म्हणजे आबांचा अपमानच. “आधी आमचं घ्या, मग तिचं बघू,” म्हणत आबा बाही वर करून बसायचे. मग आबांचंही माप घ्यायचं, तोंडी सांगायचं आणि कागदावर काहीच लिहायचं नाही. माप ज्याचं त्यालाच सांगायचं, हाही नियम होता. बीपी फार असलं तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, पण घरच्यांना, शेजाऱ्यांना, कंपनीला चकार शब्द सांगायचा नाही. आणि नात्यातलं कुणी निघालं तर आपण हात लावायचा नाही, दुसऱ्यानं मोजायचं. हा शेवटचा नियम मला सणसवाडीत आडवा आला.

सणसवाडीत माझा थोरला भाऊ राहायचा. दादा रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. पत्र्याच्या खोल्यांची लांबच लांब चाळ, मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. भाडेकरू कुणी बिहारचा, कुणी लातूरचा. दादाच्या खोलीत त्याच्याबरोबर आमच्याच गावचा एकजण होता. तालमीत वाढलेला, बैलासारख्या मानेचा, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणायचे. तोही तिथल्याच एका पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर. गावात आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या अलीकडं आणि त्याचं घर पलीकडं, मराठ्यांच्या आळीत. शाळेत एका बाकावर बसूनही हे दोघं कधी एकमेकांच्या घरी जेवले नव्हते. इथं एकाच स्टोव्हवर एकाचं पिठलं आणि दुसऱ्याचा भात शिजायचा. मला तो ताई म्हणायचा आणि आमच्या आईला आईच.

त्या चाळीतल्या खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर दादाचीच खोली निघाली. खोलीतल्या माणसांची चिठ्ठी टाकली, तर दादाच. मी पट्टा सरांच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. पैलवानाला बाहेर जा म्हटलं, तर दादाच म्हणाला, “ऱ्हाऊ दे त्याला.”

बीपी तीनदा मोजायचं, मधे माणसाला गप्प बसवायचं. पहिल्या वेळी पारा वर गेला आणि सर नळीला कान देऊन ऐकतच राहिले. “कुठून घाईत आलात का?” त्यांनी विचारलं. “न्हाई सर, सकाळधरनं झोपलोय,” दादा म्हणाला. दुसऱ्यांदा तेवढंच. तिसऱ्यांदा सरांनी खात्रीसाठी दुसरा हात घेतला. वरचा आकडा दोनशेला टेकलेला. दादा तिशी नुकतीच ओलांडलेला होता.

डोकं दुखतं का, धाप लागते का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, सरांनी सगळं विचारलं. “एक नंबर तब्येत हाय, सर.” सरांनी चिठ्ठी लिहिली. “उद्या दवाखान्यात जायचं. परवा नाही, उद्या. असंच राहिलं तर लकवा मारेल. गोळ्यांनी ताब्यात येतं, भिऊ नका.”

तेवढ्यात पैलवानानं दंड पुढं केला. “आन् आमी काय पाप केलंय? आमचं बी बघा की!” सरांनी बघितलं. अगदी पुस्तकात असावं तसं बीपी. “छान आहे,” सर म्हणाले. पैलवानानं मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोटातून रक्त घेऊन आम्ही दादाची साखर तपासली, ती चांगली निघाली. पैलवानाची नाही तपासली. चिठ्ठीत तो नव्हता आणि पहिल्या पाळीला निघूनही गेला होता.

दादा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. “आईला बोलू नको.”

“बोलताच येत न्हाई मला, नियम हाय. पर तू दवाखान्यात कवा जाणार?”

“मेडिकल झाल्याव.”

तिथं घोडं अडलं होतं. परमनंट होणाऱ्यांच्या यादीत दादाचं नाव आलं होतं, आणि त्याआधी कंपनीची मेडिकल होती. कँटीनमधे बोलणं होतं की मागच्या यादीतल्या एकाला बीपी निघालं आणि त्याला घरी बसवलं.

“कुणाला?”

“हाय एकजण. वेल्डिंगचा.”

“तू बघितलास त्याला?”

“सगळी सांगत्यात.”

“आरं, सगळी सांगत्यात म्हंजी कुणीच बघितला न्हाई!”

“हळू बोल. कंत्राटदाराचा माणूस आमच्याच चाळीत ऱ्हातोय. गोळ्या सुरू केल्या की दोन दिसात बोभाटा हुईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ दिवस गप बस.”

“आन् आठ दिसात पडलास म्हंजी?”

मीच शाप दिल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “रोज सकाळी गेटवर कंत्राटदार बोट दाखवून माणसं आत सोडतोय. तू, तू, आन् तू. एखाद्या दिशी बोट दुसरीकडं गेलं की आपण घरी. तुला न्हाई कळायचं ते.” मला कळत होतं. म्हणून तर त्याच्या कानाखाली ओढता येत नव्हती.

ते आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. वाण्याच्या दुकानातला फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची. आई विचारायची, “दादा कसा हाय गं?” आणि मी म्हणायची, “बरा हाय.” एका संध्याकाळी मी सरांना गाठलं. “सर, असं माणूस किती दिवस राहू शकतं?”

“हजार जणांचं विचार, बऱ्यापैकी सांगतो,” सर म्हणाले. “एकाचं विचारशील तर उद्या पडेल, नाहीतर वीस वर्षं काहीच होणार नाही. गोळ्या घे म्हणावं.”

असा राग आला मला! काय जाळायचंय ते शास्त्र, जे आपल्या माणसापाशी आलं की हात वर करतं? सर बिचारे खरं तेच सांगत होते. पण खरं ऐकून माणूस निवतोच असं नाही.

इकडं दादाचे घरगुती उपाय चालू होते. मीठ सोडलं, लसणाच्या पाकळ्या चावल्या, शेवग्याच्या पाल्याचा रस प्यायला. खोलीत शिरलं की लसणाचा भपकारा यायचा. आणि अशा सगळ्या तपश्चर्येनंतर मेडिकल झाली आणि पुढच्या सुट्टीला मी गेले, तर दादा फुललेला.

“नॉर्मल!” म्हणाला.

“किती निघालं?”

“एकशेवीस-ऐंशी.”

लसणानं दोनशेचं एकशेवीस होत असतं तर दवाखाने ओस पडले असते. मी पैलवानाकडं बघितलं. तो उगाचच स्टोव्हला पंप मारत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“ताई, मी गेलतो,” त्यानं सांगूनच टाकलं. “ह्याच्या जागी. तिथं कोण बघतंय! ही रांग. हातात नावाची चिठ्ठी, फोटो न्हाई का काय न्हाई. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं आन् आत जायचं.”

मी अशी ओरडले की शेजारच्या तीन खोल्यांतल्या बायका बाहेर आल्या असतील. “अरे मुडद्यांनो,” मी म्हटलं, “आजार रेड्याला आन् इंजेक्शन पखालीला म्हणत्यात, ते असं! त्याचं बीपी मोजून तुझं उतरलं व्हय रे?”

“उतरलं न्हाई,” दादा म्हणाला, “पर कागदाव तरी उतरलं. आता यादी लागू दे. मग गोळ्या.”

यादी लागायच्या आत कंपनीचा निरोप आला. दादा तो सांगायला खुटबावला आला, आईनं ऐकू नये म्हणून मला कडब्याच्या गंजीमागं घेऊन गेला. बीपी उत्तम, छाती उत्तम, पण लघवीत साखर. फक्त साखर परत तपासून आणा, बाकी काही नको, असं सांगितलं होतं.

“म्हंजी पैलवानाला साखर हाय,” मी म्हटलं.

“व्हय,” दादा म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडावर असा उजेड पडला की मला धडकीच भरली. “पर मला न्हाई ना! तुमीच बघितली. बीपी काय ते परत मोजायचे न्हाईत. आता साखरंला मीच जातो की!”

आणि गेला. स्वतः गेला, स्वतःच्या नावानं, स्वतःची साखर देऊन आला. ती नॉर्मल निघाली. दादा परमनंट झाला.

पेढे खायला मी सणसवाडीला गेले. रडू येत होतं आणि आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू? आमच्या घरातला पहिला माणूस, ज्याला सकाळी गेटवर कुणाच्या बोटाकडं बघावं लागणार नव्हतं. आईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून मला गाडीत बसवलं होतं. पण दादानं तो मेडिकलचा कागद माझ्या हातात दिला आणि तो वाचता वाचता माझं डोकं फिरलं.

“हा कोण माणूस हाय रे?” मी विचारलं. “बीपी पैलवानाचं, साखर तुझी. दोघं आजारी आन् दोघांचा मिळून हा एक धडधाकट! असा माणूस हायच कुठं?”

“नोकरीला हाय की तो,” दादा म्हणाला आणि दोघं हसायला लागले.

मी हसले नाही. आमच्या पाहणीत दादाचं बीपी तरी खरं नोंदलं गेलं होतं. पैलवानाची साखर कुठल्याच मोजणीत नव्हती. आमची चिठ्ठी त्याला चुकली होती, आणि कंपनीच्या कागदावर ती दुसऱ्याच्या नावानं आली आणि पुसली गेली. सगळ्या तालुक्याच्या साखरेचा वाटा काढला असता तरी त्यात पैलवान सापडला नसता.

“पैलवान, तुमची साखर तपासून घ्या,” मी म्हटलं. “सर करतील. चला माझ्याबरोबर.”

“आवो ताई, ती गेली की! दुसऱ्यांदा निघालीच न्हाई.”

“गेली? दुसऱ्यांदा लघवी कुणाची होती?”

त्याला ठाऊक होतं, मूर्ख नव्हता तो. तरी म्हणाला, “पर नाव तर ह्याचंच हाय ना दोन्ही कागदांव? माझ्या नावाव कुठं काय लिवलंय?” आणि कळशीतून तांब्या भरून घटाघट प्यायला. मग आणखी एक. मला ते नजरेत भरलं. पूर्वीही भरलं होतं, पण तालमीतला गडी आहे, पाणी पिणारच, असं वाटलं होतं. आता तसं वाटेना.

“आन् तू?” मी दादाकडं वळले. “यादी लागली. आता दवाखाना?”

“आता तर मुळीच न्हाई. फायलीत नॉर्मल लिवलंय. चार दिसांनी गोळ्या मागायला गेलो तर विचारत्याल न्हवं का, मेडिकलला बीपी कुणाचं हुतं म्हणून?”

घ्या. आधी नोकरी लागायची म्हणून गोळी नाही, आता लागली म्हणून गोळी नाही. चांगल्या निघालेल्या आकड्यावर दोघांनीही हक्क सांगितला होता आणि वाईट आकडा एकमेकांच्या अंगावर ढकलून दिला होता. मी पेढा तसाच ठेवून निघाले.

पुढचे महिने माझी दर सुट्टी त्या चाळीत जायची. मी ओरडायची, ते दोघं ऐकून घ्यायचे, चहा करायचे. पैलवान म्हणायचा, “जत्रा झाली की येतो.” जत्रा झाली. “दिवाळी झाली की नक्की.” दिवाळीही झाली. त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता. “ड्युटी लई हाय,” म्हणायचा. दादाचं तोंड लाल व्हायचं, मान आखडायची, तो म्हणायचा झोप झाली नाही. रस्त्यानं चालताना मी त्याची पावलं बघायची, एखादं ओढतोय का म्हणून. वेड लागायची पाळी आली होती मला. तरी आईला काही सांगितलं नाही.

आणि एका दुपारी वाण्याच्या दुकानात चाळीच्या आप्पांचा फोन आला. “खोलीव या ताबडतोब. दवाखान्यात न्यायचं हाय, गाडी बघतोय,” एवढंच बोलले आणि ठेवला. कोण पडलं, ते मी विचारलंच नाही. विचारायचं काय होतं त्यात?

जीप मिळेपर्यंत आईनं मला दोनदा विचारलं, “काय झालंय?” जीपमधे बसल्यावर मी सांगितलं. सगळं. दोनशेचा आकडा, मेडिकल, कागद, सगळं. आई समोरच्या दांडीला धरून बसली होती. तिनं मान वळवली नाही.

“तुला म्हाईत हुतं?”

“नियम हाय आई, माप ज्याचं त्यालाच—”

“चुलीत घाल तुझा नियम.”

सणसवाडी येईपर्यंत मी मनातल्या मनात म्हणत होते, जिवंत असू दे, हात गेला तरी चालेल, पाय गेला तरी चालेल, बोलता येऊ दे. असले सौदे कुणाशी करत होते कोण जाणे. आमच्यात तर नवस नसतो.

चाळीच्या दारात दादा उभा होता. कंपनीच्या निळ्या शर्टात, दोन्ही पायांवर, धडधाकट. आई जीपमधून उतरली, सरळ चालत गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच शर्टाला तोंड लावून मोठ्यानं रडली. दादा तिला धरून म्हणत होता, “आई, मी न्हाई गं. पैलवान. त्याचा पाय.”

आत पैलवान तापानं फणफणला होता. सेफ्टी बूट अंगठ्याला लागला होता, तो म्हणे पंधरा दिवसांपूर्वी. दुखतच नव्हता, म्हणून बघितला नाही. आता अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळंठिक्कर, आणि खोलीत असा वास की लसणाचाही बरा. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती, हे आम्हाला पुण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. साखर बरीच जुनी आहे, कधी तपासली नव्हती का, असं त्यांनी विचारलं. पैलवानानं डोळे मिटून घेतले. दादा म्हणाला, “एकदा तपासली हुती.”

दोन्ही बोटं कापावी लागली. पाय वाचला.

त्याच दवाखान्यात, पैलवानाला आत नेलेलं असताना, आईनं दादाला केसपेपरच्या रांगेत उभं केलं. त्याच्या मागं स्वतः उभी राहिली, पळाला तर धरायला. त्याचं बीपी आधीच्यापेक्षा वर निघालं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं की रात्रपाळी करता, तर कंपनीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. दादा पांढराफटक पडला. पण गेला. पैलवान घरी आल्यावरच्या आठवड्यात, पाळी सुरू व्हायच्या आधी, कारखान्यातल्या दवाखान्यात जाऊन त्यानं सांगितलं, “सर, मला बीपी हाय. लई दिसांपासून हाय.”

संध्याकाळी तो खुटबावला आला, तो ओसरीवर मटकन बसला. मी म्हटलं, “कामावरनं काढला?”

“न्हाई.”

“मग?”

“ते म्हणाले, बरं मग? निम्मा कारखाना बीपीच्या गोळ्या खातोय, इथनंच घेऊन जात जा. भरतीला बीपीवरनं मी कुणाला परत धाडलेलं न्हाई, म्हणाले. साखर असली तरी ताब्यात आणून या, एवढंच सांगतो.”

“आन् तो वेल्डिंगवाला?”

“त्याचे डोळे अधू हुते. मी विचारलं.”

निम्मा कारखाना! अरे, मी वर्षभर दारोदार तेच तर मोजत फिरत होते. दर चार घरांआड कुणाचं ना कुणाचं बीपी वर निघत होतं, आणि आमच्या दादाला वाटत होतं की सगळ्या रांजणगावात तेवढं त्याच्या एकट्याचंच आहे.

“पैलवानाला हे सांगायचं न्हाई,” दादा म्हणाला. “कशाला त्याला जास्तीचं?”

“सांगायचं,” मी म्हटलं. “आता काय बी झाकायचं न्हाई.” ओसरीवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी दादाच उठला, म्हणाला, “चल. पर बोलणार मी.”

ओढ्यापलीकडं पैलवान आपल्या घरापुढं खाटेवर बसला होता, बँडेजचा पाय उशीवर. बूट घालता येत नाही म्हणून कंत्राटदारानं त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं. त्याची आई शेजारी तांदूळ निवडत होती. दादा उभ्याउभ्याच बोलला, एका दमात, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं. त्याच्या आईचा हात सुपात थांबला.

पैलवानानं उशीवरच्या पायाकडं बघितलं. “म्हंजी मेडिकलला मी गेलोच नसतो तरी तुझं झालं असतं,” म्हणाला.

“व्हय,” दादा म्हणाला. पैलवानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार, जवळचा तांब्या फेकून मारणार. मी असते तर मारला असता.

पैलवानानं नाक ओढलं आणि दादाकडं वर बघितलं.

“आजची गोळी घेतली का?”

“न्हाई अजून. जेवल्याव घेणार हुतो.”

“मग जेव की आधी. आई, ह्याला ताट कर.”